सुटलेल्या सुरमईची खरी हकीकत

विश्रांतवाडी, पुणे
मंगळवार

आदरणीय आक्का,

सविनय जयभीम. तुझे गुडघे, तुझा बीपी आणि तुझा दौंडचा शेजार, तिन्ही काबूत असतील अशी आशा करतो. इकडे मी ठीक आहे. म्हणजे बसलो की खुर्ची अजून डावीकडे कलते, पण डॉक्टर म्हणतात खुर्ची सरळ आहे. चैताली मजेत आहे. रोज हिंजवडीला नोकरीला जाते, म्हणजे हिंजवडीच्या रस्त्यावर बसून असते आणि उरलेल्या वेळात काम करते. फोन न करता पत्र लिहितोय त्याचं कारण तुला ठाऊक आहे. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि तुला ऐकू येईल असं बोललं की आमच्या अख्ख्या सोसायटीला ऐकू जातं. विषय जरा नाजूक आहे, तो पुढे येईल.

घरच्या ग्रुपवर माझा सुरमईसोबतचा फोटो पाहून तू अंगठा पाठवलास, त्याबद्दल आभार. मी रविवारी समुद्रावर मासे धरायला गेलो होतो. (हसून घे, मी थांबतो.) त्याचं असं झालं. चैतालीच्या ऑफिसात सौरभ नावाचा मुलगा आहे, मूळचा भंडाऱ्याचा, तळ्यांच्या मुलखातला. चैतालीला त्याच्याशी लग्न करायचं आहे. मुलगा आपल्यातला नाही. मी तिला गेले कित्येक महिने सांगतोय की माझं काही नाही गं बाई, पण आत्या ऐकायची नाही. आत्या हो म्हणाली की माझाही हो. तुझा स्वभाव सगळ्या घराला माहीत, त्यामुळे ती गप्प बसली. मागच्या महिन्यात हा सौरभच घरी आला. चहा प्यायला, कपबशी स्वतः उचलून मोरीत ठेवली (हे नाटकही असू शकतं), आणि म्हणाला की काकाजी, आमची काही पोरं हर्णैला होडी घेऊन सुरमई धरायला जातात, तुम्ही चला. पुण्यात कुणी कुणाला काकाजी म्हणत नाही. इथे ‘अहो काका’ म्हणतात, आणि तेही गाडी बाजूला घ्या हे सांगण्यासाठी.

मी नाहीच म्हणणार होतो. पण तो सुरमई म्हणाला आणि मला आबा आठवले. आबा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात होते तेव्हा मुंबईच्या गाडीतून मासळीच्या करंड्या उतरायच्या, आठवतं ना? बर्फाचं पाणी गळणाऱ्या त्या करंड्या आबा पाठीवरून वाहायचे आणि कॅम्पातल्या हॉटेलांच्या हातगाड्यांवर चढवायचे. आपल्या घरात सुरमई यायची ती आबांच्या सदऱ्याच्या वासातून. रविवारी ते आपल्याला ताडीवाला रोडवरून बंडगार्डनच्या बंधाऱ्यावर न्यायचे. तू कणकेत हळद-हिंग घालून गोळ्या मळायचीस (घरात वरणाला हिंग नसायचा, माशांना असायचा), आबा बांबूच्या काठीला गळ लावून बसायचे, आणि मी पाण्यात दगड टाकू नयेत म्हणून तू माझं मनगट धरून ठेवायचीस. मिळायचा तो शिवडा, नाहीतर बोटभर चिलापी. आई दारातच म्हणायची, “वास सुरमईचा आन् हातात शिवडा.” आबा हसायचे आणि म्हणायचे, एक दिवस धरू. तो दिवस काही आला नाही. आता त्या बंधाऱ्याकडे गेलं की जलपर्णी दिसते, फोटो काढणारी जोडपी दिसतात, आणि पाण्याला असा वास येतो की गांडूळसुद्धा त्यात उतरायला तयार होणार नाही. मी आयुष्यभर पाटबंधारे खात्यात फायलींवर पाणी अडवलं, पण पाण्यातून एक मासा काढला नाही. आबांची फार आठवण आली, म्हणून मी हो म्हणालो.

हर्णैला पोचलो तर वारा असा की माझी टोपी मला न विचारता गुहागरच्या दिशेनं गेली. होडीचा नाखवा सरळ म्हणाला, “साहेब, दर्या आज बरा नाय. उद्या जाव.” पोरांनी माझ्याकडे पाहिलं. म्हातारा नको म्हणेल आणि सगळ्यांची अब्रू राखून सुटका होईल, असा त्यांचा हिशेब होता हे मला आता कळतं. मी म्हणालो, “त्यात घाबरायचं काय?” होडी तेव्हा वाळूला टेकलेली होती.

या मासेमारीची रीत वेगळी आहे. आपल्यासारखं एका जागी बसून नशिबाची वाट बघायची नाही. होडी चालू ठेवायची आणि मागे दोराला चकचकीत खोटे मासे बांधून पळवत न्यायचे. मोठ्या माशाला वाटतं की कुणीतरी आपल्याला घाबरून पळतंय, आणि तो चिडून मागे लागतो. याला ट्रोलिंग म्हणतात. (चैताली म्हणते ट्रोलिंग मोबाइलवर करतात. आमच्या पेठांतून ते मोबाइलच्या आधीपासून, पाट्यांवर चालत आलेलं आहे.) किनारा लांब गेला आणि लाटा होडीला सुपात घालून पाखडायला लागल्या. मी पुण्याहून आलेपाक नेला होता. तो सगळ्यांना वाटला, आणि थोड्याच वेळात सगळ्यांनी तो समुद्राला दिला. एक पोरगा होडीच्या तळाशी आडवा पडून आईला फोन लावत होता. रेंज नव्हती, तरी बोलत होता.

अशात माझ्या काठीचं रीळ करकरायला लागलं. नाखवा म्हणाला, “सुरमय हाय, ढील द्या.” सौरभनं माझ्या कमरेला पट्टा बांधला, काठीचं बूड त्यात खोवलं आणि काठीला एक हात लावून, मला सावरत शेजारी उभा राहिला. ती ओढत होती, मी ओढत होतो, आणि मधल्या वेळात लाटा आम्हा दोघांनाही ओढत होत्या. शेवटी पाण्याबाहेर तिची पाठ दिसली. आक्का, मी खरोखर मोठ्यानं ‘आबा’ म्हणालो. आणि तेवढ्यात मला उलटी आली.

तुला माहीत आहे, मला एकट्याला उलटी जमत नाही. कपाळ धरायला माणूस लागतं. लहानपणी तू धरायचीस, एक हात कपाळावर आणि एक पाठीवर. पुढे लग्नानंतर शर्मिलानं धरलं. ती गेल्यापासून मी आजारी पडलो तरी उलटी तेवढी टाळतो. तर या मुलानं काठी सोडली आणि आपला तळवा माझ्या कपाळावर ठेवला, दुसरा हात पाठीवर. म्हणाला, “होऊन जाऊ द्या काकाजी, रोकू नका.” काठी माझ्या हातून सुटून समुद्रात गेली, सुरमई तिच्या वाटेनं गेली, बाकीच्या पोरांनी बोंब ठोकली. काठी त्याची स्वतःची होती, नवी होती. त्यानं वळूनही पाहिलं नाही. माझं आटोपलं आणि त्याला सुरू झालं, तेव्हा मी त्याचं कपाळ धरलं. लोक पोहे खाऊन स्थळ बघतात. आम्ही खाल्लेलं सगळं देऊन टाकून एकमेकांना बघितलं. त्याच्या घरी त्याचं कपाळ कुणीतरी नेहमी धरलेलं असणार, नाहीतर हात आपोआप तिथे जात नाही. मला सुरमईचं वाईट वाटलं नाही. परत येताना मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपलो होतो असं मला सांगण्यात आलं आहे, पण मी ते मान्य केलेलं नाही.

बाकी क्षेम. गोळ्या वेळेवर घे आणि शेजाऱ्यांशी कमी भांड.

तुझा धाकटा भाऊ,
बुद्धभूषण

ता. क. फोटोतली सुरमई हर्णैच्या संध्याकाळच्या लिलावातली आहे. मी ती धरली हे खरं, फक्त समुद्रातून नाही, कोळिणीच्या हातून. घरी आणून खाल्ली. चांगली होती.

दुसरा ता. क. आता खरं काम. पौर्णिमेला सौरभचे आईवडील भंडाऱ्याहून येणार आहेत. तू ये आणि हो म्हण. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही (बालपण सोडून). मुलगा आपल्यातला नाही हे मला कळतं, पण त्या होडीत मला तो परका वाटला नाही. तू नाही म्हणालीस तर चैताली माझ्यावर रागावणार नाही, नुसती गप्प राहील, आणि ते मला सोसणार नाही.

तिसरा ता. क. (गुरुवार) पाकीट चिकटवायच्या आत चैतालीनं परवाच हे पत्र वाचलं. तिनं सांगितलं की ती सौरभला घेऊन केव्हाच दौंडला येऊन गेली. तू त्याला सुकट-भाकरी घातलीस आणि म्हणालीस, “माझी कशाला हरकत आसंल? त्यो माझं नाव फुडं करतोय. पोरगी गेल्यावर घर खायला उठंल म्हून भ्यालाय. त्याला समुद्रावर न्या, सुरमईपायी कुटंबी यील.” आक्का, हे खरं आहे. मला भीती वाटते. शर्मिला गेल्यावर या घरात माझ्याशी बोलणारी ती एकच आहे.

तेव्हा वरची विनंती रद्द समजावी. हो म्हणायचं राहिलं आहे ते माझंच. चैताली ते माझ्या तोंडून ऐकायला थांबली आहे. काल स्वयंपाकघरात गेलो, घसा साफ केला, आणि आवाज असा भरून आला की ‘दूध संपलंय’ एवढंच म्हणालो. ती जाऊन पिशवी घेऊन आली. आज सकाळी पुन्हा गेलो, पुन्हा तेच झालं, आणि ती पुन्हा जाऊन आली. पौर्णिमेची वाट बघू नकोस, मिळेल त्या गाडीनं ये आणि माझ्या शेजारी बस. फ्रीजमध्ये आता पिशव्या ठेवायला जागा नाही.