परत पाठवलेलं मेडल

प्रिय वैदेही,

तू पाठवलेलं मेडल आज सकाळी पोचलं. तुझ्या सुनीतीकाकूने ते देवाजवळ ठेवलं आणि मला विचारलं, "फोन केलात का पोरीला?" म्हटलं, पत्र लिहितो. बत्तीस वर्षांच्या संसारात मी तिला एकही पत्र लिहिलेलं नाही, त्यामुळे ती बघतच राहिली.

मला कोचपदावरून काढलं तेव्हा आपण अकरापैकी दहा मॅच हरलो होतो, आणि माझी असिस्टंट म्हणून तू शेजारच्याच खुर्चीत होतीस. तुला कोच केल्याचं कळलं, तेव्हा मी सगळ्यांना सांगून टाकलं की आता बास्केटबॉल बंद. साफ खोटं! नेरूळला झालेली तुझी प्रत्येक मॅच मी सगळ्यात वरच्या रांगेत, टोपी घालून बघितली. पहिल्या दोन तू हरलीस. मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं खरं.

तिसऱ्या मॅचला तू टाइमआउट घेतलास आणि डावपेच आखायचा बोर्ड न् पेन सरळ पोरांच्या हातात दिलंस. माझ्या वेळी टाइमआउटला फक्त मी बोलायचो, पोरं पाणी पीत माना हलवायची. एकदा आपला हरेश मध्येच म्हणाला होता, "पन सर, तो कोपरा मोकला हाय ना." मी त्याला उरलेली मॅच बाकावर बसवलं. तुझ्या त्या तिसऱ्या मॅचला त्याने तोच कोपरा बोर्डवर दाखवला आणि तिथूनच शेवटची बास्केट केली. करावे गावातून त्याची आई सगुणाबाई आली होती, माझ्या दोन रांगा खाली उभी राहून ओरडत होती. मीही उठून ओरडलो. गुडघे दुखतात हे घरी आल्यावर आठवलं.

मग तुम्ही सुटलातच, सलग सात! आणि मला आठवत राहिलं, बोर्ड पोरांना द्या असं तू मला दोन वर्षांपूर्वीच सुचवलं होतंस. ही काय शाळा आहे का, असं म्हणून मी तुला उडवून लावलं होतं.

परवा फायनल जिंकल्यावर तू माइकवर म्हणालीस, "सरांनी माझं नाव सुचवलं, म्हणून मी इथे आहे." शेजारच्या माणसाने मला ओळखलं. माझा हात धरून म्हणाला, "सर, गुरू असावा तर असा." वैदेही, मी तुझं नाव सुचवलं नव्हतं. टीमच्या मालकांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो होतो, "कुणालाही घ्या, पण वैदेही नको. पोरं तिचं ऐकणार नाहीत." तू पोरांचं ऐकशील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुला कुणी काय सांगितलं ठाऊक नाही. मी गप्प बसलो असतो तर खपूनही गेलं असतं. पण ते मेडल देवाजवळ बघवेना. सोबत परत पाठवतोय. हे वाचूनही मला द्यावंसं वाटलं, तर स्वतः घेऊन ये. नाही आलीस तरी माझा राग नाही. पुढच्या सीझनला मी वरच्या रांगेतच असेन, टोपी न घालता.

तुझाच,
दिनानाथ सर