देवळात दिलेले दुधाचे डबे

बाबा, तुमच्यावर माझा राग आहे असं मी कुणाला सांगत नाही. गेलेल्या माणसावर रागावणं आपल्यात बरं दिसत नाही. आणि खरं सांगायचं तर तो राग नाहीच, किळस आहे. अजूनही गणपतीत खीर ढवळायची वेळ आली की मी सुनेला पुढं करते आणि स्वतः बाहेर जाऊन बसते. तिला वाटतं, सासू आळशी आहे.

तुम्ही आपल्या बेटावरच्या रोझ हिलच्या शाळेत मुलांना विज्ञान शिकवायचात आणि घरी जेवताना आम्हाला. सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षांत तेल महागलं तेव्हा क्वात्र बॉर्नच्या आपल्या स्वयंपाकघरात दुसरा विषय नव्हता. दालपुरीचा तुकडा हातात तसाच धरून तुम्ही म्हणायचात, "तेलाचं जहाज उशिरा आलं की आपण अंधारात. ही काय जगायची रीत झाली? अणूचं इंधन लिंबाएवढं असलं तरी गावाला पुरतं. धूर नाही, काजळी नाही." आईला तेवढी काजळी कळायची. उसाच्या हंगामात जवळच्या साखर कारखान्यातून उडालेली राख दोरीवरच्या साड्यांवर बसायची. ती म्हणायची, "मग आणा की उद्याच, माझं धुणं तरी वाचेल." मी शाळकरी पोर, विचारलं, या अणूच्या इंधनाची राख कुठं जाते? तुम्ही खोटं बोलला नाहीत. म्हणालात, थोडीच असते, पण पिढ्यान्‌पिढ्या विषारी राहते, म्हणून दूर कुठंतरी पुरायची. तुमचं बरंचसं बरोबरच होतं, बाबा. आजही कुणी अर्धवट ऐकून अणुविजेला शिव्या घालायला लागलं की मी त्याच्याशी भांडते.

मग रशियातली ती अणुभट्टी फुटली. मी तेव्हा पोटुशी होते, माहेरी आले होते. बाजारात बायका कुजबुजायच्या की विषारी पाऊस युरोपातल्या गवतावर पडला, ते गायींनी खाल्लं आणि त्याच दुधाची पावडर आपल्याकडे येते. आपल्या बेटावर गायी आहेत किती? दूध म्हणजे डबाच. तुम्ही सगळ्यांना हसून सांगत होतात, "पा फेर नान्ये, काही होत नाही. विष आहे की नाही हे विचारू नका, किती आहे ते विचारा." शेजारपाजारचे लोक तुमचं ऐकून निर्धास्त व्हायचे, मीसुद्धा झाले. मला मात्र तुम्ही काळा चहा द्यायचात. म्हणायचात, पोटुशीला दुधानं पित्त होतं.

गणपतीला आपण रिव्हिएर दू रांपारला, आपल्या मूळ गावच्या देवळात गेलो. स्वयंपाकाच्या पडवीत दुधाचे डबे खिडकीपर्यंत रचलेले. दर वर्षी खीर करणारी काकी केवढी खुशीत होती. "औंदा लोकांची मनं मोठी झाली बघ. शहरवाल्यांनी पण हात आखडला नाही." मी डबे बघत राहिले. सगळे युरोपातले. आणि लोकांची मनं कशी मोठी झाली ते मला कळलं. टाकावं तर अन्नाचं पाप, प्यावं तर जिवाची भीती, मग द्या देवाला! देव थोडाच पितोय. पिणार होती ती उसाच्या शेतात राबणाऱ्यांची पोरं, पंगतीत वाटी पुढं करून बसलेली. तुम्ही देवळाच्या कमिटीत, हातात पळी. मी तुम्हाला बाजूला घेऊन म्हटलं, "बाबा, खीर थांबवा. लोकांनी भिऊन दिलंय हे."

"गप. मला कळतं त्यातलं," तुम्ही हळूच म्हणालात. "पोरं वाट बघतायत." आणि वाढत गेलात. एका मुलीनं दुसऱ्यांदा मागितली, तर तिला वाटी भरून दिलीत, वर गालही कुरवाळलात. मी मनात म्हटलं, यांना खात्री आहे म्हणूनच देतायत.

घरी आल्यावर मी आईला विचारलं, आपल्या कपाटातले डबे कुठं गेले? ती भांडी पुसत होती. "तुझ्या बाबांनी देवळात दिले. तू आलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी. म्हणाले, पोरीच्या पोटात नको. तुला बोलू नको म्हणाले होते."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! भ्यायलात याचं काही नाही, बाप भिणारच. पण तुमच्या मनात जी थोडी शंका होती, ती माझ्या बाळासाठी फार होती आणि त्या पोरांसाठी काहीच नव्हती. शिसारी येते ती याची. दिवा सगळ्यांना हवा आणि त्याची घाण शेजारच्या ताटात, असं वागणारे परदेशात असतात असं मी समजत होते. ते आपल्याच घरात जेवायला बसत होते.

त्या डब्यांत खरंच काही होतं का, ते मला आजवर कळलेलं नाही. कुणी तपासलंच नाही. माझा मुलगा धडधाकट आहे. ती वाटी भरून घेतलेली मुलगी कुठं आहे, माहीत नाही. तुम्ही होतात तोवर मी हा विषय काढला नाही आणि आता हा कागदही कुठं पाठवायचा नाही. तरी एक गोष्ट लिहून ठेवते, कारण ती सोडून बाकी सगळं सांगितलं तर ते खोटं होईल. आईनं डब्यांचं सांगितलं तेव्हा माझा हात आपोआप पोटावर गेला होता. किळस नंतर आली, बाबा. आधी हायसं वाटलं होतं.