उतरवलेला नारळ

३ नोव्हेंबर
भाट्याला आले एकदाची! शाळेत बदली, समुद्राकडची खोली, आणि घरमालकीण मालनकाकी अशा की सामान उतरायच्या आत भात-आमटी पुढ्यात. डॉक्टरांनी सांगितलेली वही आजपासून. डोकं दुखलं की लिहायचं: किती वाजता, काय खाल्लं, झोप किती, ऊन किती. जेवण-झोप वेळेवर, गोळी आठवड्यातून दोनदाच. महिना नीट गेला की दिशाला अलोऱ्याहून, आजीकडून आणणार. नऊ वर्षांची पोर माझ्या अंधाऱ्या खोलीबाहेर उपाशी बसायची. हे बोटीवर, सांगणार कुणाला? मायग्रेन घराण्यात चालतो म्हणे. तिला तेवढा जाऊ नये.

९ नोव्हेंबर
सकाळी अकरा. नाश्ता चुकला, माझीच चूक. डावीकडे नेहमीची चमचमती नागमोडी रेघ, तिच्याआड सगळं पुसलं: अर्धा फळा, अर्धी मुलं. वीस मिनिटांनी ठोके सुरू. नवीन एकच. पुसलेल्या जागेत, खिडकीबाहेर शाळेच्या विहिरीपाशी, एक बाई उभी होती, कपाळाला फडकं आवळून. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, भास होतात कधीकधी, लिहून ठेवा. लिहिलं.

१४ नोव्हेंबर
झोप सात तास. जेवण वेळेवर. ऊन नाही. तरी दुखलंच. बाई आज विहिरीपाशी नव्हती, माझ्या पायरीवर होती. वीट आला या डोक्याचा.

१७ नोव्हेंबर
काकींना सांगितलं. ती कोण असेल ते त्यांनी विचारलं नाही, फडक्याचा रंग विचारला. तिन्हीसांजेला माझ्यावरून नारळ उतरवला. म्हणाल्या, "तिठ्यावर ठेव नि मागे बघू नको गो. त्यातलं कोणी खायचं नाय."
तिठ्यापर्यंत गेले. नारळ भरलेला, आत पाणी डुचमळणारं. आमच्या घरात खोबऱ्याचा कीससुद्धा टाकत नाहीत. डॉक्टर हसले असते. पिशवीत घालून परत आणला.

२४ नोव्हेंबर
सात दिवस वही कोरी! मग महिना कशाला मोजत बसायचा, दिशाला घेऊन आले. करंज्यांसाठी तोच नारळ फोडला. मी खवतेय तोवर बयेने गुळाबरोबर सगळा संपवला. मला घासभरही उरला नाही. किती दिवसांनी हसलो दोघी.

२५ नोव्हेंबर
काकींनी अंगणात करवंट्या पाहिल्या. कुठल्या नारळाच्या, विचारलं. खरं सांगितलं. त्या तिथेच खाली बसल्या. मग घरात गेल्या, दार लावून घेतलं.

२६ नोव्हेंबर
माझं डोकं स्वच्छ. दिशा उठली नाही. खिडकी लाव म्हणते. डावीकडे काहीतरी चमकतंय म्हणते —

दुपार
म्हणते, आई, तुझं अर्धं तोंड गेलं. तुझ्यामागे कोण उभी आहे, विचारते. मागे वळले. मला भिंतच दिसते. देवा, मला दुखू दे. तिला नको.

तिन्हीसांज
दुसरा नारळ आणला. तिच्यावरून उतरवला. फोडला. सगळा मी खाल्ला — ओकारी आली तरी —
दिशा झोपली. कपाळ गार लागतंय.

रेघ आली. माझ्या डावीकडे. आली, बरं झालं —
अर्धी खोली पुसली. खाट पुसली.
बाई आहे. आज पाठमोरी. दाराकडे निघालीय. आणि तिच्या बोटाला धरून —