शांघायला दाखवलेला कापूस

रनाळे, तालुका नंदुरबार
ता. ९ फेब्रुवारी १९३५

तीर्थस्वरूप भिकुबाई वहिनींस,
धाकट्या दिराचा, सुकलालचा, साष्टांग नमस्कार.

विसरवाडीहून जावईबापूंचं पत्र पोचलं. बेबीबाई सुखरूप बाळंत झाली, मुलगा झाला, हे ऐकून आमच्या घरून गल्लीभर गूळ वाटला. हेही पत्र तुम्हाला जावईबापूच वाचून दाखवतील. त्यांनी मधलं काही गाळू नये, एवढी विनंती.

इकडे ठीक आहे. काळ्या गायीचा पाय सुधारला. थंडी ओसरली. गावाचा कापूस अजून सोसायटीच्या गोदामातच आहे.

निघताना तुम्ही विचारलं होतं, "भाऊ, शांघायना कागद उना का?" मी नाही म्हणालो, ते तेव्हा खरं होतं. कागद तुम्ही गेलात त्याच आठवड्यात आला.

त्याआधी या सरकारी मदतीनं काय छळ मांडला तो तुम्ही पाहिलाच आहे. चीनच्या गिरण्यांना प्रथमच माल पाठवणाऱ्यांसाठी सरकार गिऱ्हाईक शोधणार, पहिल्या गाठींचं जहाजभाडं भरणार. त्या भरवशावर, खरं तर माझ्या शब्दावर, गावानं नेहमीच्या आडत्याला, उमेदमल शेठला, कापूस दिला नाही. आणि खात्यातून विचारणा काय, तर आपल्या गावाजवळचं बंदर कोणतं! मी सुरत लिहिलं. अर्ज परत आला. गाव आणि बंदर यांच्यामधलं अंतर लिहिलं नाही म्हणून. रनाळ्याला समुद्र नाही हे पटवायला मला दोनदा धुळ्याला जावं लागलं. तोवर भाव उतरत गेला. आपल्या गल्लीतला गिरधर रोज चावडीवर, व्याह्यांची चौकशी करावी तसं, विचारतो, "काय सुकलालभाऊ, तुमना चिनी याही कव्हय यी ऱ्हायनात?" उमेदमल शेठ बाजारात भेटले, तर हसून म्हणाले, "पाटील, सरकारनी आते आडत मांडी का?" मी नुसता हसलो. घरी येऊन मात्र ताट सरकवलं.

तर कागद आला, वहिनी. शांघायच्या एका गिरणीनं आपला माल पसंत केला. भाव उमेदमल शेठच्या सवाई. एकच अट: सगळ्या गाठी नमुन्याबरहुकूम.

नमुना कसा तयार झाला ते तुम्हीच जाणता. पहिल्या वेचणीचा कापूस तुमच्या ओसरीवर पसरला आणि सगळ्या बाया निवडायला बसल्या. पिवळी, डागाळलेली कवडी बाजूला, पाचोळ्याचा कण न् कण बोटांनी वेचलेला, सरकीसुद्धा हातानं काढलेली. मी म्हणालो, नेहमीचाच कापूस पाठवायचा असतो. तुम्ही म्हणालात, "पोर दखाडाले काढतस तव्हय तिनं तोंड धवाडतस ना, भाऊ?" सगळ्या हसल्या. मीही हसलो, आणि 'हा आमचा नेहमीचा माल' या मजकुराखाली सोसायटीचा चिटणीस म्हणून सही केली.

मुलगी दाखवताना तोंड धुऊन काढायच्या घरच्या रीतीनं तुम्ही वागलात. रीत कुठं चालते आणि कुठं नाही, हे सांगणं माझं काम होतं.

मी धुळ्याला जाऊन तिथल्या साहेबांना सगळं सांगितलं. म्हणालो, साधा कापूस पाहून गिरणी देईल तो भाव घेऊ. ते म्हणाले, "अहो, पाठवून द्या. पहिलं भाडं सरकार भरतंय. नमुना कोण ताडून बघतो? शांघाय काय नंदुरबारला आहे?" माझ्या अर्जातल्या अंतराबद्दल इतका काथ्याकूट करणाऱ्या कचेरीला शांघाय लांब असणं सोयीचं वाटलं, याचा मला इतका राग आला की टोपी तिथंच विसरलो.

त्याच दिवशी टपालातून, खात्यामार्फत, गिरणीला नकार लिहून पाठवला. गावात कुणाला सांगितलं नाही. आज पंधरवडा होत आला. लोक अजून चीनची वाट पाहताहेत आणि मी त्यांच्यात बसून चहा पितो.

तुम्हालाही विचारलं नाही. का, ते लिहायचं टाळत इथवर आलो. विचारलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता, "आम्ही निवडतस ना!" आणि खरंच बाया घेऊन बसला असता. अख्खं गोदाम, पाऊस येईपर्यंत, बोटं फुटेपर्यंत. मला तुम्हाला नाही म्हणता आलं नसतं. त्यापेक्षा गिरणीला नाही म्हणणं सोपं गेलं. यात गावाचा विचार किती आणि माझ्या सहीच्या लाजेचा किती, हे रोजनिशीत रोज लिहितो आणि रोज खोडतो.

काल खात्याचं उत्तर आलं: पुढल्या हंगामात नव्यानं अर्ज करावा. सोबत खात्यानं मुंबईत राखून ठेवलेला अर्धा नमुना परत. उद्या सकाळी चावडीवर सगळं सांगणार आहे. परवा उमेदमल शेठच्या गाड्या येतील, आणि भाव तेच सांगतील.

गाडीवान रेवजी विसरवाडीला येतो आहे, त्याच्याजवळ एक पुडकं दिलं आहे. तुम्ही निवडलेलाच कापूस आहे, मुंबई पाहून आला आहे, अजून तितकाच पांढरा. बाळाच्या उशीत भरा.

परत याल तेव्हा तुमच्या बोलण्याला खाली मान घालून उभा राहीन. फक्त या खेपेला हसू नका.

तुमचा,
नमुन्याखाली सही करणारा
सुकलाल