आईची विळी भिंतीवर नको

हार्लेम

चि. श्रीकांत,
देव तुला सद्बुद्धी देवो, एवढाच आशीर्वाद.

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी पूजा आटोपून मी इथलं संग्रहालय बघायला गेलो. तिथे बर्फाळ मुलखातल्या बायकांच्या दगडी सुऱ्या होत्या. घासून धार लावलेलं अर्धगोल पातं, वर हाडाची मूठ. त्याच सुरीने सीलचं मांस कापायचं, कातडं खरवडायचं, पोरांचे केसही कापायचे. सुरी बाईची, आणि तिच्यामागे लेकीची.

मला आईची विळी आठवली, आणि तुझे शब्दही: "दादा, लग्न झालेल्या बहिणीचा या घरातल्या खिळ्यावरसुद्धा हक्क नाही. विळी माझ्या हॉटेलच्या भिंतीवर शोभेल." आईने जन्मभर जिच्यावर भाजी चिरली, ती तू गिऱ्हाइकांना दाखवणार? तुझं आणि आसावरीचं भांडण मिटेपर्यंत म्हणून मी ती इकडे आणली होती. तू मिटवणार नाहीस, हे आता कळलं.

ईशानचा खोकला थांबला का? माझ्यावरच्या रागापायी त्याला आत्याकडे जायला बंदी करू नकोस.

शिव्या द्यायला फोन करशील, तो माझी पूजा झाल्यावर कर. विळी मी पुण्याला निघालेल्या सहकाऱ्याच्या सामानातून आसावरीकडे पाठवली. काल तिने त्या विळीवर नारळ खवला.

तुझा,
सतीशदादा