ताईच्या तोंडून नको

हित्रा बेट, ९ ऑक्टोबर १९८६

चि. टोर्लाइफ यास गुद्रुनताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल बोटीने मला घरी पोचवायला उशीर केला, पण राग बोटीवर नाही, तुझ्यावर आहे. दर बुधवारी बोट, मग बस, असं करत मी ट्रोंडहाइमला येते आणि दारू सोडणाऱ्यांच्या त्या बैठकीत तुझ्याशेजारी बसते. लोक बोलतात ते तुला हातांनी सांगते, तुझे हात बोलतात ते त्यांना तोंडाने. आणि तू बोलतोस काय, तर बरा आहे, प्यायलो नाही, आभार. कॉफी देणाऱ्या बाईंनी विचारलं, भाऊ बहिरा की मुका? मी म्हटलं, बहिरा आहे, मुका इथे येऊन झाला.

न पिता एक्केचाळीस दिवस झाले, अभिमान वाटतो. पण काल तुझा पाय सारखा हलत होता, जेवणही नुसतं चिवडलंस. धास्ती वाटते रे. माया आहेच, तुझीही राहू दे.

तुझी ताई


ट्रोंडहाइम, १३ ऑक्टोबर

ती. ताईस टोर्लाइफचा सा. न. वि. वि.

ताई, आता बुधवारी येऊ नकोस. रागावशील, पण आधी वाच. मागे मी हातांनी म्हटलं होतं की मी घाण माणूस आहे. समोरचे आजोबा हसून मान डोलवायला लागले, तेव्हाच कळलं की तू माझं बोलणं धुऊनपुसून पुढे केलंस. आणि एक गोष्ट अशी आहे की ती तुझ्या तोंडून जाऊच शकत नाही. ती आत आहे तोवर बाटली मला सोडणार नाही.

छापखान्यातला ऑडवार आठवतो? माझ्यासारखाच बहिरा. अकरा वर्षं प्यायला, आता सहा वर्षं बाटलीला शिवला नाही. त्याने बहिऱ्यांच्या क्लबात आमची बैठक काढली आहे. दुभाषा नाही, सगळं हातांनी. मी म्हटलं, तिथे सगळे ओळखीचे, सकाळपर्यंत गावभर होईल. तो म्हणाला, त्याचंही झालं होतं, त्याने तो मेला नाही. पहिली बैठक बावीसला आहे. माझी झोप उडाली आहे.

आहे तसा तुझाच,
टोर्लाइफ


हित्रा, १७ ऑक्टोबर

चि. टोर्लाइफ, अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं, तिन्ही वेळा रडले. डॉक्टरांकडे, छापखान्यात, सगळीकडे तुझ्या वतीने मीच बोलले. आई गेली तेव्हा तू शेवटपर्यंत तिचा हात धरून होतास, त्या एका गोष्टीवर मी तुझं दहा वर्षांचं पिणं सोसलं. माझ्यापासून लपवण्यासारखं आता काय उरलं?

बरं, येणार नाही. बावीसला दातांच्या डॉक्टरांकडे मात्र ट्रोंडहाइमला यायचंच आहे.

रुसलेली, तरी तुझीच,
ताई


ट्रोंडहाइम, २४ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.

बोललो. काय ते तुला अजून लिहवत नाही. कुणी अडवलं नाही, उपदेश केला नाही. ऑडवारने मग त्याचं सांगितलं, ते माझ्याहून वाईट होतं. काल दारूच्या दुकानावरून दोनदा गेलो, आत गेलो नाही. तुला कळल्यावर काय होईल याच भीतीने जीव थाऱ्यावर नाही. थोडा वेळ दे.

टोर्लाइफ


हित्रा, २८ ऑक्टोबर

चि. टोर्लाइफ,

मला कळलं आहे. दातांच्या डॉक्टरांकडून निघाले आणि पाय क्लबाकडे वळले. समोरच्या बसस्टॉपवर थांबले, तुला आत जाताना नुसतं बघावं म्हणून. तुम्ही शहाण्यांनी रस्त्याकडची खोली घेतलीत, दिवे लावलेत आणि दार घट्ट बंद केलंत. तुमचं बोलणं दारातून नाही, खिडकीतून बाहेर जातं, हे इतक्या बहिऱ्यांत एकालाही सुचू नये!

मी पाठ फिरवायला हवी होती. फिरवली नाही. आई गेली तेव्हा तू धक्क्यावर पीत होतास, परत आलास तेव्हा ती थंड पडली होती, सगळं तुझ्या हातांवर वाचलं. तुला तिची हाक ऐकू येणार नाही, म्हणून तिचा हात सोडू नकोस असं निघताना मीच बजावलं होतं. त्या संध्याकाळी दोन बस सोडल्या.

मी फार चिडले आहे. माफ केलं असं लिहिणार नाही, ते खोटं होईल. पण त्या दिवशी तुझे हात जे बोलले, ते माझ्या तोंडून गेलं असतं तर मी तेही धुऊनपुसून दिलं असतं, हे मला ठाऊक आहे.

खिडकी अंदाजे दोन मीटर रुंद दिसली. जाड निळ्या कापडाचा पडदा शिवायला घेतला आहे, ऑडवारला सांग. रविवारी न्यायला ये, न पिता ये. मी काही पाहिलंच नाही असं समज आणि सगळं पहिल्यापासून मला सांग.

वाट बघते.
ताई