विहीर क्र. ७ चा साडेतीन फूट काठ हिशेबात धरणेबाबत

प्रति,
मा. भूजल अधिकारी,
शहर पाणीपुरवठा कार्यालय,
पहिला मजला.

विषय: विहीर क्र. ७ चे पाणी वाढलेले नसून तिचा काठ कमी झाला आहे, याची नोंद घेऊन सोमवारचे खोदकाम थांबवणेबाबत.

संदर्भ: १) आपले अभिनंदनपत्र, दि. २ फेब्रुवारी. २) आपले परवानगीपत्र, दि. ९ मार्च. ३) माझे चार अर्ज. पोच मिळाली, उत्तर मिळालेले नाही.

महोदय,

हा माझा पाचवा अर्ज आहे. आमच्या न्यासाच्या अध्यक्ष बाई पूर्वी शिक्षिका होत्या. अर्ज थोडक्यात लिहावा असे त्यांनी शिकवले, म्हणून आधीचे चार थोडक्यात लिहिले. त्याने काम झाले नाही. तेव्हा हा सविस्तर लिहीत आहे, वाचायला वेळ लागेल त्याबद्दल क्षमा असावी.

१. मी विसाव्या वर्षापासून या विहिरीचे पाणी शेंदून घरोघरी भरत असे. माझ्याआधी सासूबाई तेच करत. पुढे नळ आले आणि ते काम संपले, पण नळाला दिवसाआड एक तास पाणी येते. त्यामुळे गल्लीतल्या त्रेचाळीस घरांची भिस्त आजही याच विहिरीवर बसवलेल्या पंपावर आहे. पाणी राखायचे तर आधी ते किती आहे हे कळले पाहिजे, म्हणून गल्लीतल्या नऊ जणांनी भूजल राखण न्यास काढला आणि मापणी माझ्याकडे दिली.

तेव्हा मला लिहिता येत नव्हते. वर्षात पाणी सर्वांत खाली जाई त्या दिवशी बादली पाण्याला टेकवायची आणि काठावरच्या खाचेशी दोराला गाठ मारायची, ही सासूबाईंची रीत मी चालवत होते. तो दोर घेऊन मी या कार्यालयात आले, तर आवक खिडकीवरचे कारकून म्हणाले, "मावशी, दोराला आवक क्रमांक कुठे मारू? कागद आणा कागद." त्यांचे बरोबर होते. म्हणून एकसष्टाव्या वर्षी मी बाईंसमोर पाटी घेऊन बसले. त्याला आता तेरा वर्षे झाली. या तेरा वर्षांत, यंदा दुरुस्तीत विहीर बंद होती तो एक सोडला तर, एकही सोमवार चुकलेला नाही.

२. मापायची पद्धत अशी. पंप सुरू व्हायच्या आधी, सकाळी सहाला जाते. टेपच्या टोकाला आमच्या न्यासातल्या वेल्डरने जड नट बांधून दिला आहे. शेवटच्या हातभर टेपला खडू फासायचा आणि टेप सोडायचा. वर काढला की खडू जिथवर भिजला तिथवर पाणी. काठावरचा आकडा आणि भिजलेला आकडा यांतून माप निघते. यात आकडा चुकायला वाव नाही. माझी चूक दुसरीकडे झाली, ती कलम ४ मध्ये कबूल केली आहे.

३. दि. ५ जानेवारी रोजी पाणी काठापासून अडतीस फुटांवर होते. दुसऱ्या दिवसापासून आपल्या कार्यालयाने विहिरीची दुरुस्ती काढली. कुणी पडू नये म्हणून जुना दगडी काठ उतरवून जमिनीसपाट स्लॅब घातला, त्यावर जाळी बसवली. काम चांगले झाले आहे, त्याबद्दल तक्रार नाही. उतरवलेला काठ चौदा इंची दगडांच्या तीन थरांचा होता, म्हणजे साडेतीन फूट. दि. १९ जानेवारीला मी जाळीच्या झडपेतून टेप सोडला, तर स्लॅबपासून पाणी पस्तीस फुटांवर भरले. जुना काठ असता तर साडेअडतीस भरले असते. म्हणजे पाणी अर्धा फूट उतरले होते.

४. छापील फॉर्मात "काठापासून पाण्यापर्यंत" असा एकच रकाना आहे. त्यात मी पस्तीस लिहिले. हात अडखळला होता. काठ बदलला आहे हे बाजूला लिहावे असे मनात आले. पण फॉर्मावर खाली छापले आहे की समासात काही लिहू नये. उशिरा लिहायला शिकलेल्या माणसाला छापील सूचनेचा फार धाक असतो. मी समास कोरा ठेवला. आज जे काही झाले आहे, ते त्या कोऱ्या समासातून झाले आहे. हे मी कुणावर ढकलत नाही.

५. आपल्या कार्यालयाने अडतिसातून पस्तीस वजा केले आणि चौदा दिवसांत तीन फूट पाणी वाढवल्याबद्दल न्यासाला अभिनंदनपत्र पाठवले. न्यासातल्या एकाने ते हौसेने फ्रेम करून लावलेही. मी धावत आले. मोजणी कारकून हसून म्हणाले, "आजी, पाणी वाढलं म्हणून रडत आलेल्या तुम्ही पहिल्याच. जा, पेढे वाटा."

दुसऱ्या अर्जाच्या वेळी शाखा अभियंत्यांनी जुन्या काठाच्या उंचीचा पुरावा मागितला. दुरुस्तीच्या फाइलीत तो असेल असे मी म्हणाले. फाइल काढली. पण फाइलीतले माप काठ उतरवल्यानंतर घेतलेले निघाले. तिथे लिहिले आहे, "काठाची उंची: शून्य." म्हणजे कार्यालयाच्या मते त्या विहिरीला काठ कधी नव्हताच. मग चौपन्न वर्षे मी कशाला टेकून पाणी शेंदले आणि मापले, असे विचारले तर म्हणाले, "ते आमच्या अखत्यारीत येत नाही."

तिसऱ्या वेळी त्यांनीच सुचवले की जुन्या काठावरून पुन्हा मापून आणा. जो काठ उतरवला त्यावरून मापायचे कसे, हा प्रश्न होता, पण सांगितले ते केले. वेल्डरने साडेतीन फुटांची सळई झडपेशी उभी धरली, मी तिच्या टोकावरून मापले आणि कागद आणला. त्यावर शेरा मिळाला की सळई खाजगी आहे. चौथ्या अर्जावर शेरासुद्धा मिळाला नाही.

६. दरम्यान वाढलेले पाणी "अतिरिक्त" ठरवून आपण दि. ९ मार्च रोजी शेजारच्या रस्त्यावरच्या लाँड्रीला विहिरीपासून दोनशे फुटांवर दोन खोल बोअर घ्यायला परवानगी दिली. खोदाईची गाडी सोमवारी, दि. २३ मार्च रोजी, येणार आहे. लाँड्रीवाल्यांशी माझे वैर नाही. माझी सून तिथेच इस्त्रीला आहे. मी हा अर्ज लिहायला कचरत होते, तेव्हा तीच म्हणाली, "आई, विहीर आटली की दोन वर्षांत बोअरही आटतील. मग मी काय न धुतलेल्या चादरींना इस्त्री करू? लिहा तुम्ही, माझं मी बघते."

गेल्या सोमवारी स्लॅबपासून पाणी छत्तीस फुटांवर होते. विहिरीचा तळ स्लॅबपासून साडेबेचाळीस फुटांवर आहे. पंपाच्या पाइपाचे तोंड तळापासून तीन फूट वर आहे, त्याखाली गेले की गाळ येतो. वजाबाकी मी तीनदा केली, बाईंकडून तपासून घेतली. त्रेचाळीस घरांच्या हाती आज साडेतीन फूट पाणी उरले आहे. आपल्या नोंदीत जेवढा काठ हरवला आहे, नेमके तेवढेच.

७. आता पुराव्याबद्दल. काल, बुधवारी, मी चौकशीला आले होते. साहेब मीटिंगमध्ये आहेत असे कळले, म्हणून मागच्या दारी अर्जदारांसाठी केलेल्या दगडी कट्ट्यावर बसले. यापूर्वीही चार वेळा तिथेच बसले होते. तिथली भिंत सरळ आहे आणि कट्टा मात्र गोल आहे, हे कधी डोक्यात आले नाही. बसल्या बसल्या दगडावर हात फिरवत होते, तर बोट खाचेत गेले. बोटभर खोल, आतून गुळगुळीत, डावीकडे किंचित झुकलेली खाच. सासूबाई डावखुऱ्या होत्या. त्या खाचेतून त्यांनी आणि मी मिळून किती पाणी वर काढले त्याची गणती नाही. अंधारातही ती मी ओळखली असती.

पिशवीत दोर होताच. तो खाचेत ठेवून पाहिला. बसला.

शिपाई म्हणाले, "आजी, कट्ट्याला दोर बांधून नेताय की काय?" त्यांना विचारल्यावर कळले की जानेवारीत एका विहिरीचे दगड आले होते, त्यांचा हा कट्टा केला आणि उरलेले बाहेरच्या फुलझाडांच्या आळ्याभोवती लावले. मी मोजले. कट्ट्याला दोन थर आहेत, आळ्याला एक. प्रत्येक दगड चौदा इंच. दगड नेल्याबद्दल माझी तक्रार नाही, चांगले दगड कामी आले. पण जो काठ फाइलीत शून्य आहे, त्यावर आपले कार्यालय रोज अर्जदारांना बसवते.

८. विनंती इतकीच आहे. आपण जिना उतरून खाली यावे. सोळा पायऱ्या आहेत. टेप आपला सरकारी आणावा, म्हणजे माझा खाजगी ठरायला नको. तिन्ही थर स्वतः मोजावेत, नोंदीत साडेतीन फूट मिळवावेत आणि सोमवारच्या आत परवानगी स्थगित केल्याची सही द्यावी. सगळ्याला दहा मिनिटे लागतील. माझे वय चौऱ्याहत्तर आहे, सहावा अर्ज लिहायला मी तयार आहे, पण सोमवारनंतर त्या अर्जात मापायला काही राहणार नाही.

उद्या शुक्रवारी सकाळी दहापासून मी खालीच आहे. या वेळी समासातही लिहिले आहे, तेही वाचावे.

आपल्या कट्ट्यावर वाट पाहणारी,
(सही स्वतः केली आहे, अंगठा नाही)
मापणीदार, विहीर क्र. ७,
भूजल राखण न्यास
गुरुवार, दि. १९ मार्च

सोबत:
१) तेरा वर्षांच्या सोमवारच्या नोंदींची नक्कल.
२) अभिनंदनपत्र, मूळ, फ्रेमसह. परत नको.
३) दोर, गाठींसह. याची नक्कल निघत नाही. आवक क्रमांक मारता येत नसेल तर मारू नये, पण काम झाल्यावर परत मिळावा. यंदाची गाठ मारायची आहे.